गाडी विकली, पण नाव निघेना: हस्तांतर नेमकं कुठे अडतं

आधी लक्षणं सांगते. यातलं एखादं जुळलं तरच पुढे वाचा.

स्कूटर विकून चार वर्षं झाली, तरी हेल्मेट नसल्याचं चलन तुमच्याच मोबाईलवर येतं. फोटोत मुंब्रा बायपासवरून चाललेला माणूस तुमच्या ओळखीचाही नाही.

गाडी घेतली, पैसे दिले, ऑनलाईन अर्ज उघडला, पण ओटीपी येत नाही. खरं तर येतो, पण कुणा तिसऱ्याच माणसाला.

आधार पडताळणीत नाव जुळत नाही म्हणून लाल अक्षरं येतात आणि अर्ज तिथेच बसतो.

कर्ज फिटून तीन वर्षं झाली, आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) बँक अजून ठाण मांडून आहे.

फी खात्यातून कापली गेली, पावती निघाली नाही.

जुन्या मालकाच्या फास्टॅगमधून अटल सेतूचे पैसे जातायत आणि नव्या मालकाला नवा फास्टॅग मिळत नाही.

अर्ज मंजूर झाला, कार्ड मात्र घरी आलंच नाही.

कळव्यात स्टेशनच्या जवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सुरुवातीला झेरॉक्स आणि लॅमिनेशन एवढंच होतं. मग ऑनलाईन फॉर्म भरून घ्यायला लोक येऊ लागले, आणि आता 'ताई, गाडी नावावर करायची होती' हे वाक्य ऐकल्याशिवाय आठवडा जात नाही. मी आरटीओ एजंट नाही. फॉर्म भरते, अडला तर का अडला ते शोधते. इतकी प्रकरणं बघितल्यावर एक गोष्ट लक्षात आली. काम आरटीओत अडलंय असं सगळ्यांना वाटतं, पण ते बहुतेक वेळा गाडी शोरूममधून पहिल्यांदा बाहेर पडली त्या दिवशीच अडून बसलेलं असतं. तेव्हा कुणीतरी घाईत काहीतरी टाईप केलेलं असतं आणि दहा वर्षं त्याच्याकडे कुणी बघितलेलं नसतं.

म्हणून खालच्या तपासण्या शक्यतो शेवटचा हप्ता आणि चावी हातातून जायच्या आधी करा. विकणारा समोर आहे तोवर दोन दिवसांचं काम. तो एकदा गावी गेला की दोन महिन्यांचं.

पाच मिनिटांचं, बिनपैशाचं

एमपरिवहन ॲपवर किंवा वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाका. विकणाऱ्याने दाखवलेल्या कार्डावर जाऊ नका, कार्ड जुनं असू शकतं. बघायच्या गोष्टी अशा: नोंदणीची स्थिती, नोंदणी कधीपर्यंत वैध, विमा, पीयूसी, कर्जदात्याचं नाव, आणि गाडी काळ्या यादीत आहे का. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपलेली असेल तर आधी नूतनीकरण, तपासणी, पर्यावरण कर, मग हस्तांतर. हा क्रम उलटा होत नाही. स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेल्या जुन्या गाडीचा खरा भाव इथे कळतो.

काळ्या यादीची खूण दिसली तर तिथेच थांबा. अपघाताचा गुन्हा, चोरीची तक्रार, थकलेला कर, काहीही असू शकतं. विकणारा 'अहो, ते निघून जाईल' म्हणेल. निघालं की पैसे देतो, असं सांगा.

मग ई-चलन. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या साईटवर गाडीचा नंबर आणि चेसिसचे (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकाचे) शेवटचे आकडे टाकले की सगळी थकबाकी समोर येते. चलनं बाकी असली की अर्ज अडू शकतो, आणि नंतर ती कुणी भरायची यावरून भांडण ठरलेलं. एकाने पंचवीस हजारांची मोटरसायकल घेतली, तिच्यावर सात हजारांवर चलनं निघाली. रक्कम मोठी असेल तर लोकअदालतीत तडजोड होते, पण ती तारीख विकणाऱ्याने सांभाळायची.

मोबाईल नंबर

माझ्याकडची सगळ्यात जास्त अडलेली कामं या एकाच कारणाची. नवी गाडी घेताना शोरूममधल्या माणसाने ग्राहकाऐवजी स्वतःचा किंवा ऑफिसचा नंबर टाकलेला असतो. ग्राहकाला पत्ता नसतो, कारण इतक्या वर्षांत ओटीपीची गरजच पडलेली नसते. हस्तांतराच्या दिवशी पोर्टल त्या नंबरवर ओटीपी पाठवतं. आणि तो मुलगा तर कधीच नोकरी सोडून गेलेला.

तपासायचं कसं? अर्ज सुरू करताना नंबराचे शेवटचे आकडे दिसतात. ते विकणाऱ्याचे नसतील तर पुढे जाऊच नका, आधी नंबर बदला. पोर्टलवर मोबाईल अद्ययावत करण्याची सोय आहे. तिथे नोंदणी क्रमांक, चेसिस, इंजिन, नोंदणीची तारीख आणि वैधतेची तारीख मागतात. हे सगळं आरसीवर असतं. टाईप करताना शून्य आणि ओ, एक आणि आय यांची गल्लत होते. चेसिसमध्ये आय, ओ, क्यू ही अक्षरं सहसा नसतातच, तेव्हा शंका आली तर तो आकडाच आहे असं धरा.

इतकं करूनही माहिती जुळत नाही असंच आलं तर आरसी आणि संगणकातली नोंद वेगळी आहे. कागदी आरसी बुकाच्या काळातल्या गाड्यांत हे खूप दिसतं. कुणीतरी पुस्तकावरून संगणकात उतरवताना एक आकडा चुकवलेला असतो. घरून करण्यासारखं यात काही उरत नाही. आरसी, विमा आणि चेसिसचा पेन्सिल प्रिंट (कोरलेल्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा) घेऊन कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागतो. दहा वेळा वेगवेगळे आकडे टाकून बघणाऱ्यांना मी हात जोडते.

नाव

आपल्याकडे आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव पूर्ण की नुसतं अक्षर, याला काही धरबंध नाही. आरसीवर आडनाव पुढे आणि वडिलांच्या नावाचं एकच अक्षर, आधारवर स्वतःचं नाव आधी आणि वडिलांचं पूर्ण, आणि बँकेत तिसरंच. आपल्याला तो एकच माणूस दिसतो, यंत्राला नाही. लग्नाआधीच्या नावावर स्कूटर असलेल्या बायकांचं तर विचारूच नका. माझी स्वतःची गाडी त्यातलीच होती.

नाव जुळत नाही म्हटल्यावर लोक आधार केंद्रात धावतात. थांबा. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. एका जुन्या स्कूटरसाठी त्यातली एक संधी घालवू नका, शिवाय बाकीची सगळी कागदपत्रं त्या आधारशी जोडलेली असतात. घरबसल्या होणारी सेवा आधारवर चालते, पण ती सक्तीची नाही. आधार पडताळणी न करता अर्ज भरा, कागद अपलोड करा, वेळ घ्या आणि मूळ कागद घेऊन कार्यालयात जा. एक फेरी पडते. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत ठेवा. लग्नानंतरच्या नावासाठी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत लागते.

विमा, पीयूसी, पाटी

विमा चालू आहे, पण पोर्टलवर संपलेला दिसतो, असं होतं. पॉलिसी काल घेतली असेल तर दोन-तीन दिवस थांबा. तरीही दिसत नसेल तर पॉलिसीवर गाडीचा नंबर आणि चेसिस बरोबर छापलंय का ते बघा, आणि दुरुस्ती विमा कंपनीकडून करून घ्या. आरटीओत जाऊन उपयोग नाही.

यात एक बारीक मुद्दा आहे. गाडी विकली की तृतीय पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीचा विमा कायद्याने नव्या मालकाकडे जातो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा तसा आपोआप जात नाही. घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं. कळवलं नाही आणि घोडबंदरला गाडी ठोकली, तर दावा कुणाच्या नावाने करणार? नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट, मात्र गाडीचा नसतो, माणसाचा असतो. विकणाऱ्याने कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेवावं, तीन वर्षांत दुसऱ्या गाडीला लागतं.

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बघा. ती नसलेल्या गाड्यांचं हस्तांतर, एचपी (आरसीवरची कर्जदात्याची नोंद) चढवणं-काढणं, पत्ताबदल ही कामं थांबवायचे आदेश राज्याच्या परिवहन विभागाने दिलेले आहेत. रस्त्याकडेला बनवून घेतलेली तशीच दिसणारी पाटी चालत नाही, कारण तिचा लेसर क्रमांक नोंदीत नसतो.

बँक

कर्ज फिटलं म्हणजे एचपी निघाली, असा समज फार घट्ट आहे. कर्ज फिटणं हा तुमचा आणि बँकेचा मामला. आरसीवरून बँकेचं नाव काढणं हा तुमचा आणि आरटीओचा. मधला दुवा म्हणजे बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५. त्याच्या दोन प्रती, दोन्हींवर बँकेचा सही-शिक्का. काही बँका हे थेट ऑनलाईन उतरवतात, म्हणून आधी पोर्टलवर बघा, कदाचित झालेलंही असेल.

एनओसीवर मुदत छापलेली असते, बहुधा तीन महिन्यांची. शेवटचा हप्ता भरल्यावर आलेलं पत्र लोक कपाटात देवाच्या फोटोमागे ठेवतात आणि पाच वर्षांनी माझ्याकडे आणतात. तेव्हा शाखेत जाऊन नवं मागावं लागतं, आणि तोवर शाखा हललेली असते किंवा बँकच दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते. विलीन झाली असेल तर नव्या बँकेकडे जा, कर्ज खात्याचा क्रमांक घेऊन. वित्तसंस्था बंद पडली असेल आणि पत्र द्यायलाच कुणी उरलं नसेल, तर तुम्ही आणि मी इथे थांबतो. वकील गाठा.

फॉर्म २९ आणि ३०, आणि कोऱ्या सह्या

कायदा सोपा आहे. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, त्याला फॉर्म २९. घेणाऱ्याने ३० दिवसांत, आपण जिथे राहतो तिथल्या कार्यालयाला, त्याला फॉर्म ३०. मूळ फी दुचाकीला १५० आणि खासगी कारला ३०० रुपये, कार्डाचे आणि पोस्टाचे वेगळे. एवढ्याशा रकमेसाठी लोक वर्षानुवर्षं टाळाटाळ करतात याचं मला अजून नवल वाटतं.

प्रत्यक्षात काय होतं? विकणारा दोन्ही फॉर्मवर कोरी सही करतो, आरसी हातात देतो, पैसे मोजतो, चहा पितो. झेरॉक्स घेत नाही. (माझ्या दुकानासमोर हे व्यवहार होतात आणि तरी झेरॉक्स घेत नाहीत!) घेणारा गाडी तशीच पुढे विकतो, कोरे फॉर्म गाडीबरोबर फिरतात. तिसरा-चौथा हात होतो आणि नोंदीत पहिलाच माणूस राहतो.

मुंब्रा बायपासवरच्या चलनाचं वर लिहिलं ते असंच प्रकरण. खारेगावचे एक काका, स्कूटर विकून चार वर्षं झालेली. 'ताई, मी विकलीय, मग माझा काय संबंध?' संबंध आहे. कायद्याच्या नजरेत नोंदीत ज्याचं नाव तो मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात हेच सांगितलं. गाडी अनेक हातांतून विकली गेली होती, नोंद पहिल्याच्या नावावर होती, अपघातात जीव गेला, आणि भरपाईची जबाबदारी त्या पहिल्या नोंदणीकृत मालकावर आली. काकांना हे सांगितल्यावर ते तिथल्या स्टुलावर बसले.

त्यांच्याकडे एकच पुरावा होता: घेणाऱ्याने पैसे ऑनलाईन पाठवले होते, बँकेच्या पासबुकात तारीख आणि नाव होतं. मग आम्ही विक्रीची तारीख, रक्कम आणि घेणाऱ्याचं नाव घालून अर्ज केला, सोबत फॉर्म २९, पासबुकाची प्रत. कार्यालयात देऊन पोचेचा शिक्का घेतला. तसंच पत्र वाहतूक पोलिसांना आणि पोलीस ठाण्याला, स्पीड पोस्टने. एवढ्याने नाव निघत नाही, हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं. पण उद्या काही झालं तर आपण कधी आणि काय कळवलं याचा कागद हातात राहतो. नाव निघालं ते पुढे, त्या बँकेतल्या नावावरून माणूस सापडल्यावर. स्कूटर त्याच्याकडेही नव्हती, पण त्याने पुढचा नंबर दिला.

तेव्हा विकणाऱ्यांनो, सह्या पूर्ण भरलेल्या फॉर्मवर. सोबत एक डिलिव्हरी पत्र: तारीख, वेळ, किलोमीटरचं रीडिंग, घेणाऱ्याची सही आणि त्याच्या आधारची प्रत. वेळ लिहा. दुपारी तीनला दिलेल्या गाडीला चारला चलन लागल्याचं मी बघितलंय. त्याच दिवशी फास्टॅग बंद करा. एका गाडीला एकच टॅग चालतो, म्हणून तुमचा चालू राहिला तर घेणाऱ्याला नवा मिळत नाही आणि पैसे तुमचे जात राहतात. ऐरोली, वाशी, मुलुंडच्या नाक्यांवर छोट्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही, त्यामुळे पुष्कळांना टॅगची आठवणच राहत नाही. मग अटल सेतूवर एकदम २५० गेले की जाग येते.

गाडी वापरलेल्या गाड्यांच्या डीलरला देत असाल तर तो नोंदणीकृत आहे का विचारा. एप्रिल २०२३ पासून अशा डीलरला गाडी देताना फॉर्म २९सी ऑनलाईन भरता येतो, आणि पुढे विकेपर्यंतची जबाबदारी त्याच्यावर जाते. 'त्याची काय गरज आहे' म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका.

अर्ज गेला, पण हलत नाही

फी कापली आणि पावती नाही, तर पुन्हा भरू नका. पोर्टलवर अपूर्ण व्यवहार तपासण्याचा पर्याय आहे, तिथे अर्ज क्रमांक टाका. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी पावती निघते. घाईने दुसऱ्यांदा भरलेले पैसे परत मिळवणं हे वेगळंच प्रकरण.

अर्ज परत आला असेल तर कारण लिहिलेलं असतं, ते वाचा. सही जुळत नाही, कागद अस्पष्ट, पत्त्याचा पुरावा चालत नाही, ही नेहमीची तीन. भाड्याने राहत असाल तर नोंदणी केलेला भाडेकरार लागतो, शंभराच्या स्टॅम्पवरचा नुसता नोटरी केलेला नाही. सही जुळत नसेल तर विकणाऱ्याला समक्ष नेण्याला पर्याय नाही. हात थरथरणाऱ्या आजोबांच्या बाबतीत हे करावं लागतं.

आणि कार्यालय बरोबर निवडलंय का बघा. कळवा एमएच-०४ मध्ये, ठाणे-बेलापूर रस्त्याने थोडं पुढे गेलं की ऐरोली एमएच-४३ मध्ये, खारघर-कामोठे एमएच-४६ मध्ये, डोंबिवली एमएच-०५ मध्ये. घेणारा जिथे राहतो ते कार्यालय. गाडीचा नंबर राज्यातल्या राज्यात बदलत नाही, त्यामुळे एमएच-०४ ची गाडी ऐरोलीत गेली तरी पाटी तीच.

इथे हात थांबवा

मालक वारला असेल तर त्याच्या नावाने फॉर्म २९ वर सही करू नका, करवून घेऊ नका. हे बिनदिक्कत होतं, आणि हा सरळ फौजदारी गुन्हा आहे. वारसाने ३० दिवसांत कार्यालयाला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ ने स्वतःच्या नावावर करून घ्यायचं, मग विकायची. भावाबहिणींची संमती असेल तर हे कार्यालयातच होतं. वाद असेल तर वकील.

परराज्यातली गाडी, म्हणजे गुजरात किंवा कर्नाटकची, असेल तर तिकडची एनओसी, इथला कर, नवा नंबर असं सगळं आलं. पहिल्यांदाच करत असाल तर जाणकार एजंट घ्या, पैसे वाचवायला जाऊ नका. वैयक्तिक गाडी कंपनीच्या नावावर करायची असेल तर महाराष्ट्रात कराचा फरक भरावा लागतो. तो आकडा कार्यालयाकडून लेखी घ्या, मग सौदा ठरवा. चेसिसवर खाडाखोड दिसली किंवा पेन्सिल प्रिंट आरसीशी जुळला नाही, तर एजंट नको, वकीलही नंतर. आधी पोलीस.

एजंट केलाच तर सरकारी फीची पावती आणि अर्ज क्रमांक त्याच दिवशी मागा. अर्ज क्रमांक नाही म्हणजे अर्जच नाही, तो काहीही सांगो.

कार्डाचं राहिलं. मंजुरी झाली की एमपरिवहन किंवा डिजिलॉकरमध्ये नवं नाव दिसतं, आणि तिथली आरसी पोलिसांना दाखवायला चालते. त्यामुळे कार्ड येईपर्यंत गाडी उभी करून ठेवू नका. कार्ड पोस्टाने येतं. पत्त्यात विंग आणि फ्लॅट नंबर नसेल, किंवा वॉचमनने 'असं कुणी राहत नाही' सांगितलं, तर ते परत जातं. पार्सल क्रमांकावरून पोस्टाच्या साईटवर ते कुठे आहे ते बघा, आणि परत गेलेलं असेल तर ओळखपत्र आणि फीची पावती घेऊन कार्यालयातल्या खिडकीवर विचारा. जायच्या आधी वॉचमनला नाव सांगून ठेवा.